‘तुम्ही भूल दिलीत आणि आईला भूल पडली’: खुब्याच्या एका ऑपरेशनचं प्रकरण

मी भूलतज्ज्ञ आहे. पुण्यातल्या पेठांमधल्या चार-पाच छोट्या हॉस्पिटलांत जाऊन भूल देते, फोन आला की बॅग उचलायची आणि स्कूटर काढायची असं काम. त्यामुळे पेशंट मला ऑपरेशनच्या आधी फार तर पंधरा-वीस मिनिटं भेटतो, आणि हे प्रकरण जेवढं भुलीचं आहे तेवढंच त्या पंधरा मिनिटांचंही आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत, हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही.

पेशंट म्हणजे एक आजी, वय ७८, टेलिफोन खात्यातून ऑपरेटर म्हणून रिटायर झालेल्या, नवी पेठेत मुलगा-सून-नातवाबरोबर राहायच्या. बीपी, थायरॉईड, चार वर्षांपूर्वी एक स्टेंट, दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, शुद्ध शाकाहारी. घरात त्यांची ख्याती एकच, नंबर पाठ. सुनेच्या माहेरच्यांचे, दूधवाल्याचे, सोसायटीतल्या सगळ्यांचे दहा आकडी मोबाईल नंबर तोंडपाठ, फोनमध्ये एकही सेव्ह केलेला नाही. सोसायटीतल्या भिशीचा हिशोबही त्याच ठेवायच्या.

गौरी गेल्यावर दोन-तीन दिवसांनी सकाळी पार्किंगमधल्या ओल्या फरशीवर पाय घसरला आणि उजव्या खुब्यात हाड मोडलं. म्हातारपणी असं हाड मोडलं की जितक्या लवकर रॉड टाकून माणूस उठवून बसवता येईल तितकं बरं, अंथरुणाला खिळला की न्यूमोनिया, रक्ताच्या गुठळ्या, पाठीला जखमा हे सगळं रांगेत उभंच असतं, म्हणून सर्जननी दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन ठरवलं.

एरवी अशा ऑपरेशनला आम्ही कमरेत इंजेक्शन देतो. इथे देता आलं नाही कारण स्टेंटमुळे आजींना क्लोपिडोग्रेल हे रक्त पातळ ठेवणारं औषध चालू होतं, ते बंद करून पाच-सात दिवस थांबल्याशिवाय मणक्यात सुई घालणं म्हणजे आत रक्त साकळून पाय कायमचे जायचा धोका, आणि मोडलेल्या खुब्याला एवढं थांबायला वेळ नसतो. म्हणून पूर्ण भूल, आणि दुखू नये म्हणून जोडीला जांघेत ब्लॉक, म्हणजे तेवढी नस बधिर करणारं इंजेक्शन. मुलाला हे समजावलं, त्याने सही केली, पण चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की ‘पूर्ण भूल’ हा शब्द त्याला आवडलेला नाही.

आता माझी चूक. तपासायला गेले तेव्हा आजींची कानाची मशीन घरी कपाटात होती, हॉस्पिटलात हरवेल म्हणून. मी जे विचारलं ते मुलाला विचारलं. औषधांची यादी त्याने फोनवर दाखवली, मी विचारलं अजून काही? तो म्हणाला नाही. मी ‘नाही’ लिहिलं. आजी माझ्याकडे बघून हसत होत्या, मला वाटलं सगळं कळतंय त्यांना.

ऑपरेशन दीड तास चाललं. शिरेतून द्यायचं भुलीचं औषध प्रोपोफॉल नेहमीच्या निम्म्याने, कारण या वयात तेवढंच पुरतं, मग श्वासातून सेवोफ्लुरेन आणि नायट्रस ऑक्साईड हे भुलीचे वायू. सेवोफ्लुरेनसारखा वायू किती लागतो तेही वयाप्रमाणे घटतं, चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी सहाएक टक्क्यांनी, तो हिशोब मी धरला होता. भूल दिल्यावर बीपी एकदा ८८ वर आलं, मेफेंटर्मिन दिलं, दोन-तीन मिनिटांत सावरलं. शेवटी आजी टेबलावरच जाग्या झाल्या, नाव सांगितलं, ‘झालं का?’ म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा-बिस्किट खाल्लं, आणि नर्सचा मोबाईल नंबर एकदा ऐकून तिला परत म्हणून दाखवला. हा नंबर लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या भांडणात तोच माझा साक्षीदार आहे.

त्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती.

रात्री साडेअकराला फोन आला, पेशंट व्हायोलंट झालीये मॅडम, या. सगळे रस्ते बंद, म्हात्रे पुलाच्या अलीकडेच स्कूटर लावली आणि गर्दीतून चालत गेले. हॉस्पिटल विसर्जन मिरवणुकीच्या रस्त्याला लागून, आजींची खाट नेमकी रस्त्याकडच्या खिडकीला, खाली एकामागून एक पथकं. काचा थरथरत होत्या. आजींनी सलाईन उपसलं होतं, लघवीची नळी ओढली होती, म्हणून दोन्ही हात बँडेजने खाटेच्या कठड्याला बांधले होते. आणि त्या बांधलेल्या हातांनीही सलाईनच्या नळीचं टोक उचलून चादरीत खुपसायचं, काढायचं, दुसरीकडे खुपसायचं असं चालू होतं. ‘सोलापूर, बोला सोलापूर, तीन मिनिटं झाली.’ मला कळायला थोडा वेळ लागला. त्या बोर्डावर बसल्या होत्या, ट्रंक कॉल जोडत होत्या.

मुलगा दारात उभा होता. म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही भूल दिलीत आणि आईला भूल पडली.’ मराठीने हे दोन्ही एकाच शब्दात कोंबून ठेवलंय त्याला मी काय करणार.

पण हे भूल न उतरल्यामुळे नव्हतं. सेवोफ्लुरेन बंद केलं की मिनिटांत उतरू लागतं, काही तासांत शरीरात नावापुरतं उरतं, आणि ही बाई मधला अख्खा दिवस शुद्धीवर होती, दहा आकडे ऐकून म्हणून दाखवत होती. मधे स्वच्छ दिवस आणि मग अचानक गोंधळ, याला आम्ही डेलिरियम म्हणतो, जुने लोक वात म्हणायचे. हा वेड नव्हे आणि विसरभोळेपणाही नव्हे. लक्ष एका जागी टिकतच नाही, ही त्याची मुख्य खूण. आजींच्या कानाशी जाऊन मोठ्याने म्हटलं, मराठी महिने उलटे सांगा, फाल्गुनपासून. ‘फाल्गुन, माघ’ म्हणाल्या आणि परत सोलापूर.

डेलिरियम म्हणजे निदान नाही, तो धूर आहे, आग कुठेतरी दुसरीकडे असते. ऑक्सिजन ९१ टक्के, शुगर ठीक, ताप नाही. सोडियम १२८, कमी. चार्ट बघितला तर संध्याकाळी दुखतंय म्हणून ट्रामाडॉल आणि उलटी होतेय म्हणून प्रोमेथाझिन दिलेलं. ट्रामाडॉल सोडियम आणखी पाडतं, प्रोमेथाझिन मेंदूतल्या असिटिलकोलीनला अडवतं, आणि लक्ष-स्मृतीचं काम ज्या रसायनांवर चालतं त्यात हे पहिल्या रांगेतलं, म्हाताऱ्या मेंदूत त्याचा साठा आधीच जेमतेम. बीपीच्या गोळीत थायाझाईड होतंच, तेही सोडियम घालवणारं. म्हणजे कारणं हवी तेवढी होती, इथे थांबले असते तरी कुणी नावं ठेवली नसती. वॉर्डातला ड्युटी डॉक्टर शांत करायचं इंजेक्शन, हॅलोपेरिडॉल, भरूनच उभा होता.

मला खटकत होती ती नाडी. १२४. बीपी १७८ वर १००, तळहात घामाने ओले, बोटांना बारीक कंप. सोडियम कमी असलं की माणूस असा थरथरत नाही, हे रोजची कसलीतरी सवय अचानक तुटल्याचं चित्र आहे. मी विचारलं, आजी दारू वगैरे? मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला. झोपेची गोळी? ‘आईला कसलंही व्यसन नाही.’ तेव्हा सून हळूच म्हणाली, दर महिन्याला नातवाला सांगतात ना, मेडिकलमधून माझं पाकीट आण म्हणून.

नातू ढोल-पथकात. खाली कुठल्यातरी चौकात वाजवत होता, फोन लागेना. अडीच वाजता पांढरा कुर्ता, भगवा फेटा, हाताला पट्ट्या अशा अवतारात धावत वर आला आणि एका वाक्यात सगळं सांगून मोकळा झाला: अल्प्राझोलम, अर्ध्या मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, रोज रात्री, आजोबा गेल्यापासून, म्हणजे नऊ वर्षं. शिलाई मशीनच्या खणात ठेवते. बाबांना सांगू नको म्हणाली होती.

शेवटची गोळी पडायच्या आदल्या रात्री घेतलेली, म्हणजे बंद होऊन तीन दिवस होत आलेले. ही गोळी आणि माझी भूल, दोन्ही मेंदूतल्या एकाच कुलुपाला लागतात, गाबा नावाचं रसायन पेशींना शांत करतं त्याच्या रिसेप्टरला. वर्षानुवर्षं बाहेरून शांतता पुरवली की मेंदू स्वतःची कमी करतो, आणि पुरवठा एकदम तुटला की पेशी सैरावैरा धावतात, फिटसुद्धा येऊ शकते. गंमत अशी की साध्या डेलिरियममध्ये या जातीच्या गोळ्या विष समजून टाळायच्या, आणि हीच सवय तुटून झालेल्या डेलिरियममध्ये तेच औषध. त्याच जातीच्या लोराझेपामचा छोटा डोस दिला, ऑक्सिजनवर डोळा ठेवून, मग अल्प्राझोलम परत चालू केली. ट्रामाडॉल आणि प्रोमेथाझिन बंद, थायाझाईड बंद, दुखण्याला पॅरासिटामॉल वेळेवर आणि ब्लॉक परत. हात सोडले. सकाळी लघवीची नळी काढली, नातवाने घरून कानाची मशीन आणि चष्मा आणला, खाट आतल्या खोलीत हलवली. मिरवणूक मात्र दुपारपर्यंत चाललीच, पुण्यात ती कुणाच्या पेशंटसाठी थांबत नाही. दोन दिवसांत आजी बोर्डावरून उठल्या, चौथ्या दिवशी वॉकर धरून दारापर्यंत आल्या.

मुलाचं समाधान झालं नाही. टाके काढायला आले तेव्हा मला मुद्दाम बोलावून घेतलं. फोनवर आलेला एक लांबलचक मेसेज, जनरल भुलीत मेंदूच्या पेशी मरतात असा. म्हणाला, कमरेत दिली असती तर हे झालं नसतं, खरं सांगा.

खरं सांगायला बसले, त्याला चांगला पाऊण तास गेला. कमरेतल्या इंजेक्शनचं उत्तर सोपं होतं कारण नेमकं हेच, खुबा मोडलेल्या माणसांत, तपासून झालंय. अमेरिका-कॅनडात १६०० पेशंट, निम्म्यांना कमरेत, निम्म्यांना पूर्ण भूल, २०२१ साली निकाल आला: डेलिरियम २०.५ टक्के आणि १९.७ टक्के. चीनमध्ये ९५० जणांत तसंच केलं, ६.२ आणि ५.१. म्हणजे पूर्ण भूल टाळून डेलिरियम टळत नाही. हे मला स्वतःलाही पचायला वेळ लागला होता, आम्हीसुद्धा वर्षानुवर्षं म्हाताऱ्या माणसाला कमरेत देणं म्हणजे मेंदूला जपणं असं छातीठोकपणे सांगत आलो.

पेशी मरतात हे कुठून आलं तर उंदरांतून. २००३ साली सात दिवसांच्या उंदरांच्या पिल्लांना मिडाझोलाम, नायट्रस आणि आयसोफ्लुरेन ही भुलीची औषधं मिळून सहा तास दिली, तर मेंदूत जागोजागी पेशी स्वतःहून मेल्या, मोठेपणी ती पिल्लं शिकण्यातही मागे पडली. हे खरं आहे. वाढत्या मेंदूत पेशींना एकमेकींचे निरोप मिळत राहिले तरच त्या जगतात, निरोप बंद तर पेशी आवरतं घेते. म्हणून २०१६ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तीन वर्षांखालच्या मुलांत तीन तासांहून लांब किंवा वारंवार भुलीबद्दल इशारा दिला. पण माणसाच्या बाळांत बघितलं, हर्नियाच्या ऑपरेशनला तासाभराच्या आतबाहेर सेवोफ्लुरेन मिळालेली आणि जागेपणी कमरेत इंजेक्शन मिळालेली मिळून ७२२ बाळं, तर पाचव्या वर्षी दोन्हींची बुद्धिमत्ता सारखीच. आणि ७८ वर्षांच्या आजी म्हणजे सात दिवसांचं पिल्लू नव्हे. प्रयोगशाळेत आयसोफ्लुरेनमुळे अल्झायमरवाल्या अमायलॉइडच्या गुठळ्या वाढतात असंही दिसलंय, पण काचेच्या नळीतून माणसापर्यंतची वाट लांबची.

मोठ्या माणसांत मात्र ‘काहीच होत नाही’ असं मी त्याला म्हणाले नाही. १९५५ मध्ये बेडफर्ड नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने लिहून ठेवलंय की ऑपरेशननंतर काही म्हातारी माणसं नातेवाईकांच्या भाषेत ‘पहिल्यासारखी राहिली नाहीत’. पुढे १९९८ मध्ये साठीच्या पुढच्या १२१८ पेशंटना ऑपरेशनच्या आधी आणि नंतर परीक्षा घेऊन मोजलं, आठवड्याने २५.८ टक्के जण मागे पडलेले, तीन महिन्यांनी ९.९. ऑपरेशन न झालेल्या त्याच वयाच्या लोकांत ते ३.४ आणि २.८ होतं. फरक आहेच. तो भुलीचा की कापाकापीचा हा प्रश्न. हाड मोडलं, मांस कापलं की शरीरभर दाह उठतो, रक्तात त्याचे निरोपे फिरतात, म्हाताऱ्या मेंदूची वेस आधीच जरा ढिली, ते आत शिरतात आणि मेंदूतल्या राखणदार पेशी, मायक्रोग्लिया, चवताळून उठतात. मला स्वतःला भुलीपेक्षा हे कारण जास्त पटतं. डेन्मार्कमध्ये जुळ्यांत बघितलंय, एकाचं मोठं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं नाही, आणि नंतरच्या काळात बुद्धीतला फरक नगण्य निघाला.

हे सगळं मी त्याला बऱ्यापैकी आत्मविश्वासाने सांगितलं. तीन महिन्यांनी तो परत आला.

आजी काठी घेऊन चालत होत्या, पण भिशीचा हिशोब दोनदा चुकला होता, गॅस एकदा तसाच राहिला, नातवाचा नंबर आठवेना. कार्यालयातले जुने सहा आकडी नंबर सरळ, उलटे, कसेही म्हणून दाखवत होत्या, दहा आकडी सगळे गेलेले. सुनेला बाजूला घेऊन विचारलं, आधी काही होतं का हो वहिनी? ती म्हणाली, म्हटलं तर होतं, गेल्या वर्षी लाईट बिल दोनदा भरलं, भाजणीत मीठ दोनदा, पण वय झालं म्हणून आम्ही हसण्यावारी नेलं. म्हणजे उतार आधीच लागला होता. डेलिरियम झालेल्या माणसांची स्मृती पुढे जास्त वेगाने घसरते हे बऱ्याच ठिकाणी दिसलंय, पण डेलिरियमने घसरते की घसरणाऱ्यालाच डेलिरियम होतो, यावर अजून भांडण चालूय. त्यात नऊ वर्षांची अल्प्राझोलम, तीही स्मृती बोथटच करते.

मग आजी स्वतःच म्हणाल्या, पायाला मुंग्या येतात हो, कधीपासूनच्या. मशीन लावलेली होती, थेट मला सांगत होत्या. रक्त तपासलं, थायरॉईड ठीक, बी-बारा व्हिटॅमिन १४०. खूपच कमी, शाकाहारी घरांत हे पुण्यात रोजचं आहे. आणि इथे माझी बोलती बंद झाली.

कारण मी नायट्रस दिला होता, दीड तास. नायट्रस बी-बाराच्या गाभ्यातला कोबाल्ट गंजवतो, बी-बारा निकामी होतं, आणि नसांवरचं वेष्टण शाबूत ठेवणारं सगळं काम त्याच्यावर चालतं. ज्याच्याकडे साठा भरपूर त्याला याचा पत्ताही लागत नाही. ज्याची आधीच तळाला गेलेली बरणी आहे त्याला ऑपरेशननंतर आठवड्या-महिन्यांनी मुंग्या, तोल जाणं, डोक्याचा गोंधळ असं झाल्याच्या नोंदी आहेत. दीड तासाने एवढं होईल का? बहुधा नाही, मुंग्या आधीच्या, विसरणंही आधीचं. पण ‘भुलीचा काही संबंध नाही’ हे वाक्य मी ज्या सुरात म्हटलं होतं तो सूर मला परत घ्यावा लागला. मुलाला हे सांगितलं. सांगितलं नसतं तर त्याला कळलंही नसतं, सर्जन नंतर म्हणाले कशाला सांगितलंस उगाच. तो मात्र चिडला नाही, पहिल्यांदाच खुर्ची ओढून नीट बसला आणि म्हणाला, म्हणजे मी अगदीच वेड्यासारखं बोलत नव्हतो तर.

बी-बाराची इंजेक्शनं चालू झाली, आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. अल्प्राझोलम एकदम तोडायची नाही हे आता घरात सगळ्यांना पाठ, दर काही आठवड्यांनी थोडी थोडी खाली, नातूच वहीत लिहून ठेवतो, पाकीट आणायचं गुपितही संपलं. सहा महिन्यांनी मुंग्या कमी झाल्या, घरातल्यांचे नंबर परत आले, भिशी मात्र सुनेकडे गेली ती गेलीच. माझ्यापुरतं झालं ते एवढं की पन्नाशीच्या पुढचा, मुंग्या सांगणारा शाकाहारी पेशंट असला की मी नायट्रसचा नॉब उघडतच नाही, ऑक्सिजन आणि साध्या हवेवर भागतं. औषधांचा प्रश्न आता मी मुलाला नाही, पेशंटच्या कानात मशीन घालून पेशंटलाच विचारते, आणि ‘झोपेसाठी काही?’ हे वेगळं विचारते, नातेवाईकांना बाहेर पाठवून.

चौदा महिन्यांनी एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. आजी होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय, तिथे नुसते थेंब घालून करणार, पण आधी तुम्हाला विचारून घेते म्हणाल्या. मी म्हटलं नंबर कुणी दिला? ‘पाठ आहे की. एकच आकडा चुकला, आधी हडपसरच्या कुणा गॅरेजवाल्याला लागला, चांगला होता बिचारा.’ गोळी किती राहिली विचारलं. पाव, म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, जणू मुलगा शेजारीच उभा असल्यासारखं, ‘डॉक्टर, ती पाव तेवढी राहू दे हं.’